अंशतः खरे

हळद शिजायला लागली की आमच्या शिवारात आधी वास येतो, धूर मागून दिसतो. ओली माती, उकडलेलं मूळ आणि जळकं लाकूड यांचा मिळून तो एक वास. थोडा कडसर, थोडा औषधासारखा, केसांत आणि पदरात मुरून राहणारा. या दिवसांत, मी शिकवते त्या डोंगरकडा गावच्या शाळेतून एस.टी.नं घरी येताना तो खिडकीतून आत शिरतो आणि बसमधल्या बाया बोलायला लागतात. कोणाची काढणी उरकली, कोणाच्या शेतात हळद शिजवायचा कुकर कधी लागणार, यंदा मजूर कुठून आणायचे. मी त्यांच्यात फारशी बोलत नाही. मला त्या वासाबरोबर एक मोठं सभागृह आठवतं. तिथली गार हवा, पायाखालचा मऊ गालिचा, आणि माझ्या शेजारी पदर डोक्यावर घेऊन बसलेली एक बाई. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका वर्षी त्या एकाच आठवड्यात घडल्या, आणि तेव्हापासून मला त्या वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

घरी पोचते तेव्हा टीव्ही सुरू असतो. हळद शिजते त्याच दिवसांत मुंबईला अर्थसंकल्पाचं अधिवेशन भरतं. हे शेतातून आलेले असतात, हातपाय पिवळे, आणि चप्पल न काढताच दारात उभे राहून बातम्या बघत असतात. पडद्यावर गोंधळ चाललेला असतो. "आता तहकूब करतील," हे म्हणतात, आणि खरंच तहकूब होतं. बरोबर ओळखल्याचं एक बारीक समाधान यांच्या चेहऱ्यावर येऊन जातं. ते मला बघवत नाही. मी आत जाऊन चहा ठेवते.

हे, म्हणजे माझे यजमान, एकदा आमदार होते. पाच वर्षं. माजी हा शब्द आता यांच्या नावाला कायमचा चिकटला आहे.

आमदार झाले तेही यांच्या कर्तबगारीपेक्षा दुसऱ्यांच्या भांडणामुळे. असं म्हटलं की यांना राग येतो, पण खरं तेच आहे. पंचायत समिती झाली होती, जिल्हा परिषद झाली होती, त्यापुढे यांनी काही मनात धरलेलं नव्हतं. त्या वर्षी पक्षातले दोन मोठे पुढारी एकमेकांचं तिकीट कापायला निघाले. मग दोघांनाही चालेल, म्हणजे खरं तर दोघांनाही ज्याची भीती वाटणार नाही, असा माणूस शोधणं सुरू झालं. तांड्यावरचा, बोलायला मऊ, हाताशी कारखाना नाही की शिक्षणसंस्था नाही. यांच्याइतका बिनधोक माणूस त्यांना सबंध मतदारसंघात मिळाला नसता. हे निवडून आले. गुलालात न्हालेले घरी आले तेव्हा डोळे तेवढे ओळखीचे होते.

सासूबाईंना तांड्यावर सगळेच याडी म्हणतात. आमच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. त्यांच्या आज्याच्या काळात आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. निकालाच्या दिवशी यांच्या कपाळावरचा गुलाल पुसत याडी म्हणाल्या, "आता आपला माणूस एका जागी बसून राहील." आम्ही घरात गोरमाटीच बोलतो, इथं मी ते मराठीत लिहिते आहे. याडींचं ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पण त्या दिवसानंतर हे एका जागी बसले असं मला आठवत नाही.

आमदारकी म्हणजे काय, हे मला घरातून जे दिसलं त्यावरून सांगते. पहाटेपासून अंगणात चपला. कोणाला बदली हवी, कोणाला दवाखान्यात पलंग. कोणाची विजेची डीपी जळाली, कोणाच्या पोरानं भांडण केलं आणि त्याला ठाण्यात बसवून ठेवलाय. लग्नं, दहावे, सप्ते, उद्घाटनं. कनेरगाव नाक्यावरच्या धाबेवाल्याला यांची गाडी लांबून ओळखू यायची, कारण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला जाता-येता हे तिथंच जेवायचे आणि जेवतानाही चार माणसं भोवती उभी असायची. पहिल्या वर्षी यांनी विधिमंडळाच्या नियमांचं पुस्तक आणून अधोरेखित करून वाचलं. रात्रीच्या जेवणाला मला तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांतला फरक समजावून सांगत. दुसऱ्या वर्षी ते पुस्तक कपाटावर गेलं. "मी आमदार न्हाई, फोन हाय," एकदा हे म्हणाले, "ज्याला त्याला हातात घेऊन कोणाला तरी लावायचं असतं."

या सगळ्यांत एक बाई अशी होती, की तिला एकच गोष्ट हवी होती. शेवंतामावशी. आमच्या तांड्याच्या पुढं ओढा आहे आणि ओढ्याच्या पलीकडं दुसरा तांडा. मावशी त्या तांड्यावरच्या. उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रातून ट्रॅक्टर जातो, बैलगाडी जाते, माझ्या शाळेतली लेकरं चप्पल हातात घेऊन हसत-खेळत येतात. पावसाळ्यात तोच ओढा एका तासात असा भरतो की पलीकडच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नाही. मग त्या तांड्याची लेकरं शाळेत येत नाहीत, दूध येत नाही, कोणीच येत नाही. एका पावसाळ्यात मावशींची सून कळा देत काठापर्यंत आणली होती. अलीकडं रुग्णवाहिका उभी, मध्ये पाणी. काठावरच ताडपत्री धरून बाळंतपण झालं. दोघी वाचल्या, सून आणि नात. पण मावशी हे सांगताना कधी देवाचे आभार मानायच्या नाहीत. "दरवेळी काठावर देव थोडाच उभा राहणार हाय," असं त्या म्हणायच्या, आणि पुलाचं काय झालं ते विचारून, चहा न घेता उठायच्या.

हे खरोखर खपले, ते मी नाकारत नाही. खात्यात गेले, मंत्र्यांना भेटले, सर्वेक्षण झालं, सर्वेक्षणाचं सर्वेक्षण झालं. पण हे विरोधी पक्षात, तेही नवखे. मंत्री खांद्यावर हात ठेवून बघतो म्हणत आणि बघत नसत. प्रश्न टाकावा तर सोडतीत तो इतका खाली यायचा की प्रश्नोत्तराचा तास त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. चार वर्षं अशी गेली.

पाचव्या वर्षी, शेवटच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, यांचा प्रश्न यादीत वर लागला. हळद शिजवायचा हंगाम ऐन भरात होता. कुकर आमच्याच शेतात लागलेला, वाफेच्या ढगातून माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते. त्या वाफेत उभं राहून हे मंत्र्यांना विचारायच्या उपप्रश्नांची तयारी करत होते. एक हात कमरेवर, दुसरा समोर, जणू पुढं माईक आहे. पसरलेल्या हळदीत गड्डे वेगळे करत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्यात मावशीही होत्या, रोजानं आल्या होत्या. यांचं सगळं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "एवढं लांबण काहून लावता, साहेब? पूल पायजे म्हणा. बस."

हे हसले. म्हणाले, "मावशी, तसं चालत न्हाई तिथं. तुमीच चला बघायला." बोलता-बोलता म्हणाले खरं, पण मावशींनी ते धरून ठेवलं. मीही तोवर कधी गेले नव्हते. हळद याडींच्या स्वाधीन करून आम्ही तिघं रेल्वेनं मुंबईला निघालो. मावशींनी रात्रभर खिडकी सोडली नाही.

सकाळी आमदार निवासात चहा घेताना यांच्या हातात त्या दिवसाची छापील प्रश्नोत्तरं आली. मंत्र्याचं उत्तर आधीच छापलेलं असतं, सभागृहात त्यावर उपप्रश्न विचारायचे असतात. यांचा प्रश्न असा होता की, अमुक तांड्याचा पावसाळ्यात संपर्क तुटतो हे खरे आहे काय. त्यापुढं उत्तर होतं, हे अंशतः खरे आहे. यांनी ते मोठ्यानं वाचलं. मावशींनी विचारलं, म्हणजे काय. हे म्हणाले, म्हणजे थोडं खरं, थोडं खोटं. मावशी विचारात पडल्या. त्यांच्या मनात काय आलं असेल ते आता मला ओळखता येतं असं वाटतं. ओढ्याला पाणी आलं की ते अर्ध्याच तांड्याला तर अडवत नाही. 

यांना मात्र उलट हुरूप आला. इतके दिवस जमवलेलं सगळं बाजूला ठेवून यांनी ठरवलं की मंत्र्यांना एवढंच विचारायचं, यातला खरा अंश कोणता आणि खोटा कोणता. कपडे चढवताना हे गुणगुणत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत यांना गुणगुणताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय.

प्रेक्षक गॅलरीत बसायचे नियम कडक. फोन खाली ठेवायचे, बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, पुढं वाकायचं नाही. मावशी पाय खाली सोडून ताठ बसल्या होत्या, देवळात बसावं तशा. खाली यांची जागा मागच्या रांगेत. यांनी वर बघितलं, आम्ही दिसलो, आणि यांनी कुर्त्याची कॉलर नीट केली. हातात तो कागद होता.

अध्यक्ष येऊन बसले. पहिला प्रश्न पुकारण्याच्या आतच यांच्या पक्षाचे पुढच्या रांगेतले नेते उभे राहिले. दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीवर. मुंबईतल्या कसल्या तरी प्रकरणावर सगळं कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्या, अशी त्यांची मागणी होती. अध्यक्षांनी ती नाकारली. मग पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून हातानं खूण केली आणि पक्षाचे सगळे सदस्य उठून खाली जायला लागले. अध्यक्षांच्या आसनासमोर जी मोकळी खोलगट जागा असते, तिला हौदा म्हणतात. ते सगळे त्या हौद्यात उतरले आणि घोषणा द्यायला लागले.

हे आपल्या जागी उभे होते. कागद हातातच. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि मागच्या रांगेत हे एकटेच राहिले. तेवढ्यात कोणीतरी खालून यांचं नाव घेऊन हाक मारली. नाव मला स्पष्ट ऐकू आलं. यांनी कागदाची घडी घातली. खिशात ठेवली. आणि पायऱ्या उतरून हे हौद्यात गेले.

मी बघत होते. पहिल्यांदा यांचे ओठ नुसते हलत होते. मग हातही वर जायला लागला. थोड्या वेळानं हे बाकीच्यांसारखेच ओरडत होते, मानेच्या शिरा ताणून, चेहरा लाल करून. ज्या तासात यांचा प्रश्न होता तो तास बंद पाडायला हे स्वतः ओरडत होते. मावशींनी माझ्या हाताला धरलं आणि नियम विसरून कानाशी विचारलं, "बाई, साहेब पुलाचंच बोलून राहिले ना?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

कामकाज तहकूब झालं, परत सुरू झालं, परत तहकूब झालं. मग दिवसभरासाठीच तहकूब झालं. अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांना छापील उत्तरंच अंतिम. सरकारदरबारी तो विषय तिथं मिटला. आमच्या तांड्याबद्दल शासनाचं शेवटचं म्हणणं असं राहिलं की ते सगळं अंशतः खरं आहे.

दुपारी हे खोलीत आले तेव्हा घसा बसलेला होता. मावशी बाहेर व्हरांड्यात समुद्राच्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. मी यांना एवढंच विचारलं, की तुम्ही जागेवर उभे राहिला असता तर काय झालं असतं.

"तास तसाही बंदच पडला असता," हे म्हणाले. मग बराच वेळ पाणी पीत राहिले. "आन तिकीट अजून वाटायचं हाय."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. हे जागेवर एकटे उभे राहिले असते तरी त्या गोंधळात यांना कोणी बोलू दिलं नसतं. पूल मिळाला नसता. पण मावशींनी एक माणूस उभा राहिलेला पाहिला असता, आणि मीही. मी हे बोलले नाही. बोलून पाहिलं असतं तर यांना समजलंच नसतं असं नाही. समजलं असतं, तीच भीती होती.

त्याच रात्रीच्या गाडीनं आम्ही परत निघालो. तांड्यावर उतरलो तेव्हा माणसं जमली. वाफाळणाऱ्या कुकरपाशीच सगळ्यांनी मावशींना गराडा घातला आणि विचारलं, साहेब बोलले का. हे दोन पावलांवर उभे होते.  मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बोलले ना," त्या म्हणाल्या. "घसा बसेपर्यंत बोलले."

आणि त्या गड्डे निवडायला बसल्या. लोक खूश झाले. कोणीतरी यांना खांद्यावर घेऊ म्हणत होतं. हे घरात गेले आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ मोरीतच उभे राहिले. मावशींनी तसं का सांगितलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. यांना वाचवलं, की लोकांना, की पाच वर्षं चहा न घेता घातलेल्या आपल्याच खेपांना. त्यानंतर मात्र त्या पुलाचं विचारायला आमच्या अंगणात आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर बोलायच्या, तब्येतीचं विचारायच्या, पण पुलाचा शब्द नाही. हे यांना फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं एकदा मला म्हणाले.

तिकीट काही यांना मिळालं नाही. ते दोन पुढारी तोवर एक झाले होते, आणि त्यांना मधल्या माणसाची गरज उरली नव्हती. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी अंगणात चपलांचा एकही जोड नव्हता. याडी बाहेर येऊन बघून गेल्या.

आणि पूल झाला. हे मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण सांगताना माझा तोल जातो. पुढच्या आमदारांच्या काळात पूल झाला. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, पांढऱ्या पट्ट्यांचे. फक्त त्याला दोन्हीकडून चढायला रस्ता नाही. जोडरस्त्याचं काम दुसऱ्या मंजुरीत होतं म्हणे, आणि ती मंजुरी आलेली नाही. ओढ्याच्या मधोमध तो पूल एखाद्या मोठ्या टेबलासारखा उभा आहे. पावसाळ्यात दोन्ही अंगांनी पाणी वाहतं, लेकरं शाळेत येत नाहीत, हजेरी घेताना मी ती नावं पुकारत नाही. उन्हाळ्यात पलीकडच्या तांड्याच्या बाया शिडी लावून पुलावर चढतात आणि शिजलेली हळद वाळत घालतात. एवढी स्वच्छ, सपाट, कोरडी जागा आसपास दुसरी नाही. लांबून बघितलं तर सुरेख दिसतं, ओढ्यावर पिवळं सोनं पसरल्यासारखं. शहरातून आलेल्या एका माणसानं त्याचा फोटो काढला होता. 

मावशी आता थकल्या आहेत. शिडी चढत नाहीत. खाली सावलीत बसून वर पोती देतात. त्यांची ती नात माझ्या वर्गात आहे, उन्हाळ्यापुरती.

परवा दुपारी आमच्या दारात एक मोठी गाडी थांबली. त्या दोन पुढाऱ्यांपैकी एकाचा माणूस होता. दोघांचं पुन्हा बिनसलंय. पुन्हा कोणीतरी मधला हवा आहे. हिंगोलीला विश्रामगृहावर बैठक आहे, आमच्या साहेबांनी तुमची आठवण काढली, असं तो म्हणाला. सोफ्यावर टेकला, चहा प्यायला, याडींच्या पाया पडला. "विचार करतो," हे त्याला म्हणाले. पण हे आत आले तेव्हा मला दिसलं की विचार झालेला आहे. यांनी खाली बसून ट्रंकेतला पांढरा कुर्ता काढला. इस्त्री मोडलेली होती. मी इस्त्री तापवून दिली नाही, यांनीच ती लावली.

"निवडून आलात तर पहिलं काय करायचं?" मी विचारलं.

"जोडरस्ता," हे लगेच म्हणाले. इतक्या लवकर, इतक्या खऱ्या आवाजात, की क्षणभर मला बरं वाटलं. हे वाक्य यांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं असणार.

"आन तुमचा प्रश्न यायच्या टायमाला त्यांनी खाली बोलावलं तर?"

इस्त्री बाहीवर थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा यांनी ती उचलली. बाहीवर तांबूस डाग पडला होता. यांनी तो डाग आत जाईल अशी बाही दुमडली, दुसरीही तेवढीच दुमडली, आणि कुर्ता अंगात घातला.

"तवाचं तवा पाहू," हे म्हणाले.

बाहेर गाडीचं दार उघडून धरलेलं होतं. याडी ओसरीवरून बघत होत्या. शेतातून गडी हाका मारत होता, कुकर उतरला होता, आणि शिजलेली हळद ढिगात ठेवली की आतल्या आत काळी पडते. ती लगेच पसरावी लागते. गाडी वळून रस्त्याला लागली. मी पदर खोचला, खोरं घेतलं आणि वाफेत शिरले.